एका अंशाचा उतार

आमच्या घरात वाकडंतिरकं काही टिकायचं नाही. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, आणि भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललेलं दिसलं तरी दादा हातातला घास ताटात ठेवून उठायचे. ते मिलच्या वर्कशॉपात फिटर होते. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, दादा गुण्या ठेवायचे, तळहाताएवढा लोखंडी काटकोन, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्या कोपऱ्याला गुण्या लागायचा, मग ती उजेडाकडे धरली जायची. वस्तू आणि गुण्याच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसली, की ती बनवणारा माणूस दादांच्या मनातून उतरलाच. राजेंद्र नगरात आमच्या दोन खोल्या होत्या. दारं, खिडक्या, पाट, मोरीवरची फळी, सगळं त्यांनी एकेक करून गुण्यात आणलं होतं. आजोबा महूच्या पलटणीत होते, हे ताठ उभं राहणं तिथूनच आलंय, असं आई म्हणायची. आईच्या पोळ्या गोल असतात म्हणून वाचल्या, असं मी एकदा म्हणाले तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली, आणि दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस मी विनोद केला नाही.

मग मिल बंद पडली. दादा घरी बसले, म्हणजे बसले कुठे, घरभर फिरत राहिले. आई सवयीनं भोंग्याच्या वेळेला उठायची, भोंगा वाजायचा नाही, आणि ती स्टोव्हला पंप मारत स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची. सकाळी पोहे असायचे, वर शेव आणि जीरावणाचा मसाला. दादा ते खाऊन डबा न घेताच दारापर्यंत जायचे आणि चपला काढून परत यायचे. शेजारच्या काकू त्यांचा डुगडुगणारा पाट घेऊन यायच्या, कुणी कुलूप, कुणी शिलाई मशीन. दादा सगळं दुरुस्त करून द्यायचे, आणि काम संपलं की त्यांचा चेहरा पुन्हा पडायचा. दर रविवारी बेटम्याहून मामा यायचा. त्याचं तिथं खताचं दुकान होतं. "जीजाजी, मी तर म्हणतो, सामान बांधा आणि चला बेटम्याला," तो म्हणायचा. "दुकान आपलंच आहे. गादीवर बसायचं, बस." मामा मनानं चांगला होता, त्याच्या बोलण्यात उपकाराचा वासही नसायचा. पण दादा हातांकडे बघत बसायचे. मला तर बेटमा हे नावही नको वाटायचं. माझ्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोम्याचं एक वर्ष राहिलं होतं. बेटम्याला गेलो की ते संपलं, हे कुणी बोललं नव्हतं, पण घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. आईनं पलंगाखालची ट्रंक बाहेर काढून पुसून ठेवली, त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

अशात पोरवालजींचा निरोप आला. त्यांचा पोलोग्राउंडला प्लास्टिकचा लहानसा कारखाना होता. कंगवे, साबणाच्या डब्या असलं काहीबाही निघायचं तिथं. मिलमधल्या कुणीतरी त्यांना दादांचं नाव सांगितलं होतं. दादा भेटून आले ते चहा न घेताच बोलायला लागले. सियागंजच्या व्यापाऱ्यांना शेवेच्या बरणीला प्लास्टिकचं झाकण हवं होतं, टिनाच्या झाकणाला गंज धरतो म्हणून. त्या झाकणाचा साचा, म्हणजे कारखान्याच्या भाषेत डाय, दादांनी करायचा. जमली तर डायचं सगळं काम आणि पक्की नोकरी. आई म्हणाली, "अहो, पण प्लास्टिकचं काम तुम्ही कधी केलंय?" दादा म्हणाले, "काम प्लास्टिकचं कुठंय? डाय तर लोखंडाचीच असते ना! लोखंड मला काय नवीन आहे?" मामाला निरोप गेला की दोन महिने थांब. डाय बिघडली तर पुढचं ठरलेलंच होतं.

पोरवालजींना कागदावर ड्रॉइंग हवं होतं, आणि दादांचं सगळं ड्रॉइंग बोटांत. म्हणून ते माझ्याकडे आलं. त्याच महिन्यात आमच्या एका सरांनी प्लास्टिकच्या साच्यांवर दोन तास घेतले होते. वर्गात आम्ही दोघीच मुली, पहिल्या बाकावर, त्यामुळे लक्ष देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सरांनी सांगितलं ते साधं होतं. साच्याचे दोन भाग, एक पोकळ आणि एक त्या पोकळीत शिरणारा भरीव ठोकळा, त्याला कोअर म्हणतात. मधल्या फटीत वितळलेलं प्लास्टिक भरतं. थंड होताना ते आकसतं आणि कोअरला आवळून बसतं. म्हणून भिंती कधीही अगदी सरळ ठेवायच्या नाहीत, शेंड्याकडे किंचित निमुळत्या करायच्या. एवढा उतार दिला की वस्तू सुटून येते. कुल्फीवाल्याचा साचा आठवा, सर म्हणाले, तो सरळ नळीसारखा असता तर तुम्ही अजून काडी ओढत बसला असता. सगळा वर्ग हसला. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

पुढची सगळी हयात मी याच कामात काढली. बादलीच्या कडीपासून औषधाच्या चमच्यापर्यंत काय काय कागदावर आणि नंतर संगणकावर काढलं. आता तर सोय अशी आहे की एक बटण दाबलं की ज्या भिंतीला उतार नाही ती लाल होऊन दिसते. नवी मुलं ती लाल भिंत बघतात, माऊस हलवतात, भिंत हिरवी होते, आणि चहाला जातात. मला त्यांचा हेवा वाटतो. लाल झालेल्या भिंतीला कुणी घाबरत नाही.

स्वयंपाकघरातला ओटा पुसून आई दुपारी जरा आडवी झाली की मी जमिनीवर पाट ठेवून त्यावर ड्रॉइंग बोर्ड मांडायची. घरात तेव्हा भुट्ट्याच्या किसाचा वास भरलेला असायचा, बाहेर भंगारवाल्याची हाक, आणि दादा मागे उभे. झाकण गोल, वर सपाट, खाली उतरणारी कड दोन इंचांची. मी आतली रेघ एक अंशानं कलती काढली. पेन्सिल उचलली नाही तोच मागून आवाज आला.

"सुनू, ही रेघ टेढी गेली का?"

"नाही दादा, ते मुद्दाम..."

त्यांनी खिशातून गुण्या काढून कागदावर टेकवला. "बघ. खाली बरोबर आहे, वर सुटलंय. कॉलेजात हेच शिकवतात का?"

"दादा, ते सर म्हणत होते..."

"सर काय म्हणतात ते सरांना करू दे. भिंत म्हणजे भिंत. नव्वद म्हणजे नव्वद. मी सत्तावीस वर्षं मिलमध्ये नव्वदच केलंय. पुसून टाक."

मी पुसलं. खोडरबरानं नीट, कागदावर डाग पडू न देता. आणि सरळ रेघ मारली. आजही त्या दुपारचा विचार केला की मला स्वतःचा राग येतो. दादांनी मला कधी हात लावला नव्हता. पण ते रागावले की घरातला आवाजच बंद व्हायचा, आणि आधीच इतक्या महिन्यांत त्या घरात फार आवाज उरला नव्हता. घाबरले, हे तर खरंच. पण भीतीच्या जोडीला एक बारीकसा हट्टही होता, तो मी तेव्हा कुणाला सांगितला नाही, आता सांगते. करा मग तुमच्या मनासारखं, असं मी मनात म्हणाले होते.

पुढचे सहा आठवडे दादा पुन्हा माणसात आले. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी हाताला तेलाचा वास घेऊन यायचे. आई पोह्यांवर शेव जास्त घालायला लागली. कोअर तयार झाला तेव्हा तो पॉलिश करायला ते रविवारी घरी घेऊन आले, फडक्यात गुंडाळून, आणि दाराच्या पायरीवर बसून पॉलिश पेपरनं घासत राहिले. सर्र सर्र आवाज दिवसभर चालला. मामा आला, त्यानं कोअर हातात घेऊन बघितला, त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. "जीजाजी, हा तर आरसाच बनवला तुम्ही!" दादा हसले. मी पलीकडे पालक निवडत होते. सांगायचं तर आत्ताच, असं मला रोज वाटायचं. पण लोखंडावर जसजशी चकाकी चढत गेली तसतसं ते बोलणं जड होत गेलं. मग मी स्वतःची समजूत घालायला लागले. इतकं गुळगुळीत केलंय, निघेल की. सरांनी मोठ्या वस्तूंचं सांगितलं असेल. मीच चुकीचं ऐकलं असेल. खोटं बोलायला मला दुसरं कुणी लागलंच नाही.

चाचणीच्या दिवशी दादा म्हणाले, "चल, तुझं ड्रॉइंग बाहेर निघताना बघ." मला ताप आलाय असं सांगायचं धैर्यही माझ्यात नव्हतं. सायकलच्या मागे बसून मी गेले. कारखान्यात गरम प्लास्टिकचा गोडसर वास होता. मशीनवर सलीमभिया होते, पोरवालजींचे जुने कारागीर, दाढीला मेंदी लावलेले, कमी बोलणारे. पोरवालजी खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर शेवेची काचेची बरणी. डाय मशीनवर चढली, प्लास्टिकचा दाणा वितळला, सलीमभियांनी दट्ट्या मारून तो साच्यात भरला. थोडं थांबून साचा उघडला. पांढरंशुभ्र झाकण कोअरवर बसलं होतं, सुरेख, आणि दादांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मग झाकण ढकलायला मागून पिना पुढे आल्या. झाकण हललं नाही. पिना त्याच्या माथ्यातून आरपार बाहेर आल्या.

सलीमभियांनी पितळेच्या पट्टीनं ते तुकड्यातुकड्यानं सोडवलं. "एक और लेता हूँ," ते म्हणाले आणि कोअरला तेल लावलं. दुसऱ्यालाही चार भोकं पडली. तिसऱ्याला झाकण फाटलं. पोरवालजींनी बरणी मांडीवरून खाली ठेवली. "मास्टरजी," ते हळूच म्हणाले, "ये तो गई." चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांसमोर पुसून ठेवलेली ट्रंक आली. दादा कोअरकडे बघत होते, आणि त्यांना खरंच काही कळत नव्हतं. सगळं सरळ होतं. सगळं बरोबर होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना लोखंडासमोर असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

सलीमभियांनी कोअरवरून बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर. "मास्टरजी, बुरा मत मानना. इसमें टेपर नहीं दिया क्या? जरा-सी ढलान? माल पकड़ लेता है ना."

त्या क्षणी दादांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. त्यांना ती कलती रेघ आठवली. मी बोलायला तोंड उघडलं. ड्रॉइंग माझं आहे, चूक माझी आहे, म्हणजे सेठजी मला बोलतील आणि दादांची नोकरी वाचेल, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पण दादा आधी बोलले.

"ड्रॉइंग में था, सेठजी. मेरी लड़की ने बराबर दिया था. मैंने मिटवाया."

पोरवालजी माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं जमीन फाटेल तर बरं. दादा मात्र माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर विचारलं, जसं वर्कशॉपात एक कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं, "किती होतं ते?"

"एक अंश," मी म्हणाले. "शेंड्याला बारीक करायचं, बुडाला हात लावायचा नाही. बूड तेवढंच ठेवलं की झाकणाचं तोंड तेवढंच राहतं, बरणीला बसेल."

"म्हणजे शेंड्याला एका बाजूनं किती निघेल?"

मी पोरवालजींच्या पावतीच्या मागे आकडा मांडला. मिलिमीटरभरही नव्हतं. दादा त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. "एवढ्याशासाठी?" ते म्हणाले. मग पोरवालजींना म्हणाले, "सेठजी, डाय गई नहीं है. लोहा ज्यादा है, कम नहीं है. कम होता तो गई थी. और पानी भी नहीं चढ़ाया अभी." लोखंडाला पाणी देऊन ते कडक केलं की मग त्यावर हत्यार चालत नाही. चाचणी झाल्याशिवाय पाणी द्यायचं नाही ही दादांची जुनी शिस्त, आणि तिनंच आम्हाला तारलं.  पोरवालजींनी बरणीचं झाकण उघडलं, चिमूटभर शेव तोंडात टाकली आणि म्हणाले, "परसों तक देखते हैं."

ते दोन दिवस दादा लेथ मशीनपाशी होते. मलाही बोलावलं होतं. पोकळ बाजूला तोंडाकडे थोडं मोठं करायचं, नाहीतर झाकणाची भिंत माथ्याकडेच तेवढी जाड होईल, हे मी सुचवलं, घाबरत घाबरतच, आणि त्यांनी "हं" म्हणून तेही केलं. हत्यार तिरकं लावून लेथ चालवायला त्यांच्या हाताला जड जात होतं, ते मला दिसत होतं. दर थोड्या वेळानं त्यांचा हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी सलीमभियांनी पुन्हा दट्ट्या मारला. मी डोळे मिटून घेतले, त्यामुळे झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं. पिना पुढे सरकल्याचा आवाज, आणि लगेच खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये टप्पकन काहीतरी पडलं. डोळे उघडले तर झाकण ट्रेमध्ये गोल गोल फिरत होतं. "निकल गया भिया!" कमी बोलणारे सलीमभिया ओरडले. पुढचं पडलं, त्याच्या पुढचं पडलं, टप्, टप्. पोरवालजींनी गरम झाकण फुंकर मारून बरणीवर बसवलं आणि बरणी उलटी केली. शेवेचा एक दाणा बाहेर आला नाही. मला हसू यायला लागलं आणि थांबेना, डोळ्यांतून पाणी, छातीवरचा दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं होतं. ट्रंक परत पलंगाखाली जाणार होती. डिप्लोमा पुरा होणार होता. पोरवालजी दादांना पहिल्या तारखेपासून यायला सांगत होते, आणि मी एका गरम झाकणाला दोन्ही हातांत धरून उभी होते.

परतताना दादा सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत निघाले. मी शेजारून. चालत चालत छावणी ओलांडली. मग त्यांनी समोर बघतच विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"हो."

"इतके दिवस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रागावला असता."

एक टेम्पो फटफट करत गेला. दादा थोडं चालले. "रागावलो असतो," ते म्हणाले. "कबूल. जेवलोही नसतो बहुतेक. पण सकाळपर्यंत उतरला असता ना राग! दुसऱ्या दिवशी ऐकलं असतं मी, सुनू. तू मला दुसरा दिवस दिलाच नाहीस."

  मी सायकलच्या कॅरिअरवर हात ठेवला आणि तसेच आम्ही घरापर्यंत चालत आलो. आईनं दारातूनच आमचे चेहरे वाचले आणि मामाला कळवायला पोस्टकार्ड काढून बसली.

महिन्याभरानं पोरवालजींकडे प्लास्टिकच्या मगाच्या दांडीचं काम आलं. दांडी कशी असावी ते दादांनी स्वतःच कागदावर रेखाटून आणलं, उतार वगैरे देऊन, आणि पक्कं ड्रॉइंग करायला माझ्यासमोर ठेवलं. चांगलंच होतं. फक्त जिथं दांडी मगाला मिळते तिथला आतला कोपरा त्यांनी अगदी टोकदार काढला होता. मी पेन्सिल खाली ठेवली. मी म्हणाले, "दादा, हा कोपरा गोल हवा. असा ठेवला तर इथूनच तुटेल." ते म्हणाले की कोपरा कोपऱ्यासारखाच दिसला पाहिजे. मी म्हणाले, तुटेल. ते म्हणाले, चार बुकं काय वाचली, बापाला शिकवायला लागली. मी म्हणाले, "दादा, तुटेल." त्यांनी कागद गुंडाळला, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी तो कोपरा गोल झाला आणि ती दांडी बरीच वर्षं चालली, पण ते पुढचं. त्या संध्याकाळी आईनं पानं घेतली, दादा आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईनं दोनदा हाक मारली. ते खरोखरच जेवले नाहीत.

मी पोटभर जेवले.